आठव्या भागापर्यंत

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता केबलवाल्याने खिडकीवरच्या भोकातून काळी वायर बाहेर ओढली, पकडीने तिचं तोंड कापलं आणि टीव्हीखालचा डबा पिशवीत टाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरातली केबल बंद झाली. घरात तेव्हा तिघं होती: लिफ्ट दुरुस्तीचा धंदा करणारे वडील, त्यांची बायको आणि रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतली पाळी संपवून थेट इकडे आलेली मुलगी. चौथा माणूस, त्यांचा मुलगा, घरातून निघून गेला त्याला सव्वा वर्ष झालं होतं.

"ह्या जिन्यात तुम्हीच शेवटचे, काका," वायरीचं वेटोळं खांद्यावर चढवत केबलवाला म्हणाला. "आता मीही गाशा गुंडाळतोय. मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात बसणार."

"म्हणजे आम्ही तुला बुडवला म्हण की."

"छे हो, तुम्ही तर तग धरलात. ते भोक तेवढं बुजवून घ्या, मुंग्या येतात."

वडिलांना केबल सोडायची नव्हती. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. जेवताना रिमोटकडे न बघता त्यांचा अंगठा बातम्यांवर जायचा, तो पुन्हा शिकवावा लागणार होता. आईची अडचण निराळी होती.

"माझी साडेसातची मालिका?"

"आता साडेसातला नाही, आई. तुला हवी तेव्हा."

"हवी तेव्हा म्हणजे कधी?"

मुलगी इंटरनेटवरून टीव्ही दाखवणाऱ्या सेवांची नावं फोनवर बघून सांगत होती. एकीकडे सामने आहेत, एकीकडे आईच्या मालिका, तिसरीकडे बाहेरचे सिनेमे. सगळं घ्यायची गरज नाही, दोन पुरे झाल्या. बातम्या वेगळ्या घ्याव्या लागत नाहीत, त्या फुकट दिसतात.

"फुकटच्या बातम्या फुकटच असणार," वडील म्हणाले.

तिसरीचं नाव वाचताना ती थांबली. "ही तर आपल्याकडे आहेच की. बोक्याने घेतली होती, तुमच्या खात्यातून पैसे जातात दर महिन्याला. कुणी बंदच केली नाही."

बोका म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी सायीच्या भांड्यात तोंड घालून सापडला होता, तेव्हापासून घरात, धंद्यात आणि शेजारी त्याला दुसरं नाव उरलं नव्हतं. ते नाव त्या घरात सव्वा वर्षात मोठ्याने फारसं घेतलं गेलं नव्हतं. वडील उठून पाणी प्यायला गेले.

मुलीने पासवर्ड टाकला. तो तिला पाठ होता: दुकानाचा जुना फोन नंबर. टाकताना तिने तो सवयीने मोठ्याने म्हटला. पडद्यावर प्रश्न आला, कोण पाहत आहे, आणि खाली तीन चौकटी. आई-बाबा. ताई. आणि पिवळ्या मांजराचं चित्र असलेली तिसरी.

"ते दाब," आई म्हणाली.

"आई, कशाला उगाच."

"दाब म्हणते ना."

आत पहिल्याच ओळीत 'पुढे पाहा' असं लिहिलं होतं. तिथे डोंगरात अडकलेल्या लोकांना सोडवणाऱ्या पथकाच्या एका मालिकेचा फोटो होता आणि त्याखाली लाल रेघ. चौथा भाग, अर्ध्याच्या जरा पुढे. मुलीने समजावलं की हे जुनं असेल, जाण्याआधी कधीतरी अर्धवट सोडलेलं. आईने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा ठेवण्याआधी, तिने स्वतः रिमोट घेतला आणि अडखळत अडखळत तिथवर पोचली. रेघ पाचव्या भागाखाली होती.

तिने मुलीला फोन केला. "तो बघतोय," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

बोका का गेला, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्टच्या कामात एक नियम असतो. जो माणूस लिफ्टच्या खड्ड्यात किंवा डब्याच्या टपावर उतरतो, तो आधी मेन स्विच बंद करतो, त्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. त्या दिवशी एका कचेरीच्या इमारतीत नाना टपावर होते. नाना म्हणजे वडिलांचे धंद्यातले भागीदार, वयाने त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी मोठे. खिसा फाटका म्हणून त्यांनी किल्ली बोक्याच्या हातात दिली. खालून कुणीतरी ओरडलं, झालं का. वरून कुणीतरी काहीतरी ओरडलं. बोक्याला वाटलं नाना उतरले. त्याने कुलूप काढून स्विच चालू केला. नानांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, नानांच्या घरच्यांसमोर, वडील मुलाला म्हणाले, "ह्या धंद्यात तुला जागा नाही. घरातही नाही." हाताला पट्टी बांधलेले नाना मध्ये पडले, की किल्ली मीच दिली होती. वडील म्हणाले, "किल्ली कुणी दिली हे विचारलंच नाही मी. कुलूप कुणी काढलं ते विचारलं." बोका त्याच संध्याकाळी दोन जोड कपडे घेऊन गेला. आठवड्याभरात त्याचा नंबर बंद झाला. पोलिसांनी लिहून घेतलं आणि सांगितलं की सज्ञान माणूस आपल्या मर्जीने गेला आहे, त्याला शोधून आणता येत नाही. मित्रांना खरंच माहीत नव्हतं, किंवा ते सांगत नव्हते.

केबल गेल्यानंतरच्या दिवसांत आईने एक शिस्त लावून घेतली. सकाळी एकदा ती चौकट उघडायची, रेघ बघायची आणि बाहेर यायचं. आत काहीही लावायचं नाही, कारण लावलं तर रेघ बिघडेल. मग दिवसभर त्या रेघेवरून ती अंदाज बांधायची. एक अख्खा भाग एका बैठकीत पाहिला, म्हणजे सुट्टी असेल. पाच मिनिटांत सोडला, म्हणजे दमून झोपला असेल. एका आठवड्यात डोंगरातलं पथक पुढे सरकलंच नाही. त्याऐवजी लहानपणी तो बघायचा त्या कोळ्याच्या बोटीवरच्या कार्टूनचे भाग एकामागून एक लागले होते.

"ताप आलाय त्याला," आई म्हणाली.

"रेघेवरून ताप कळतो का तुला?" मुलीने विचारलं.

"तापातच बघायचा तो हे. एरवी म्हणायचा, बाळबोध आहे."

वडील ह्या बोलण्यात नसत. पण एके दिवशी सकाळी दाढी करता करता, आरशातच बघत त्यांनी विचारलं, "कुठवर?"

"सहावा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "सुरुवातीलाच आहे."

त्यानंतर ते रोज विचारू लागले. एवढाच प्रश्न, एवढंच उत्तर. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे, नवरा-बायकोने बोक्याबद्दल एकमेकांशी बोलायला तेव्हा सुरुवात केली.

तिने स्वतः आणखी एक प्रयत्न केला. खात्यात कोणकोणत्या टीव्हीवर आणि फोनवर हे चालू आहे, त्याची यादी असते. त्यात एक अनोळखी टीव्ही होता आणि समोर एका शहराचं नाव. तिने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितलं की ते शहर म्हणजे इंटरनेट जिथून फिरून येतं ते ठिकाण, माणूस तिथे असेलच असं नाही, आणि याहून जास्त काही सांगता येत नाही. मुलीने त्या शहरातल्या लिफ्टच्या दुकानांचे नंबर काढून एका रविवारी फोन केले. बोका नावाच्या माणसाबद्दल विचारल्यावर दोघांनी फोन ठेवला. एकाने विचारलं, मांजर हरवलंय का.

चौकटीचं नाव बदलायची कल्पनाही तिचीच. बोका खोडून तिथे 'फोन कर' लिहायचं. तो उघडेल तेव्हा वाचेलच.

आईने साफ नकार दिला. "त्याला माहीत नाही आपण बघतोय ते. कळलं तर बघायचं सोडेल."

"मग काय नुसतं बघतच बसायचं?"

"हो. बसायचं."

वडील ऐकत होते. त्यांनी विचारलं, "पासवर्ड बदलला तर काय होतं?"

"तर तो बाहेर पडेल आपोआप. त्याला नवा लागेल."

"म्हणजे आपल्याला विचारावं लागेल."

"बाबा, नाही. तो विचारणार नाही, दुसरं काहीतरी बघेल. जगात काय एवढी एकच आहे का?"

"मी नुसतं विचारलं," वडील म्हणाले.

ते नुसतं नव्हतं. पुढच्या मंगळवारी कामावरून येताना ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. जुना पासवर्ड त्यांना पाठ होता, तो त्यांच्याच दुकानाचा नंबर होता. दुकानदाराने त्यांच्यासमोर नवा टाकून दिला आणि विचारलं, घरचा टीव्ही सोडून बाकी सगळीकडून बाहेर काढू का? वडील म्हणाले, काढा. घरी येऊन त्यांनी जेवताना सांगितलं. त्यांच्या हिशेबात हे सरळ होतं. चाळीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती: किल्ली एकाच्या खिशात असते आणि ज्याला पुढे जायचं असतं तो येऊन त्याला विचारतो. न विचारता कुणी पुढे गेला की काय होतं, हेही त्यांनी पाहिलं होतं.

आईने ताटावरून हात उचलला. "कुठवर होता, माहीत आहे तुम्हाला?"

"आठवा."

"आठव्यातही अर्धा राहिलाय. दोनच भाग होते पुढे. संपवू तरी द्यायचं होतं त्याला."

त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. वडील फोन बरोबर ठेवू लागले. खड्ड्यात उतरताना फोन वर ठेवायचा, हा त्यांचाच नियम होता, तो त्यांनी मोडला. अनोळखी नंबर आला की हातातलं काम टाकून उचलायचे. एकदा कर्ज देऊ करणाऱ्या कुठल्या तरी मुलीशी ते बराच वेळ बोलले, कारण तिच्या मागे कुणीतरी पुरुष हसला होता. मुलाचा फोन आला नाही. रेघ आठव्या भागात होती तिथेच राहिली. आता ती पुढे जाणं शक्यच नव्हतं, तरी आई रोज सकाळी बघत होती. वडिलांनी 'कुठवर' विचारणं बंद केलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात नाना घरी आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डाव्या हातात कप धरायची सवय त्यांना आता झाली होती. मुलगीही तिथे होती, कारण तो रविवार होता.

"मिस्त्री, परवा तुम्ही फोन घेऊन खड्ड्यात उतरलात," नाना म्हणाले. "मला कळू द्या काय चाललंय. मला उरलेली बोटं लागतात."

वडिलांनी थोडक्यात सांगितलं. नानांनी चहा संपवला.

"कुलूप लावायच्या आधी डबा बघायचा असतो ना? आत कुणी आहे का?"

"मला नका शिकवू, नाना."

"शिकवत नाही, विचारतोय. माणूस आत असताना मेन बंद केला, तर तो दोन मजल्यांच्या मध्ये लटकतो. मग तो खाली येऊन तुमच्याकडे किल्ली कशी मागेल?"

"फोन आहे की त्याच्याकडे. माझा नंबर बदललेला नाही."

"सव्वा वर्ष होताच की नंबर," नाना म्हणाले. "तुमच्या नंबरावर फोन करायला त्याला काय लागेल, ते मला विचारा. मी त्याच्या जागी असतो तर मीही केला नसता. आणि माझी तर बोटं गेलीत."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "पूर्वीचा पासवर्ड परत टाक गं."

वडील काही बोलले नाहीत. मुलीने ती संमती धरली. दुकानदाराने टाकलेला पासवर्ड वडिलांच्या लक्षात राहिला नव्हता, म्हणून बदलासाठी मेलवर एक आकडा येणार होता. खातं ज्या मेलवर होतं तो पत्ता बँकेच्या कामासाठी तिनेच वडिलांना काढून दिला होता. वडिलांना तो उघडता येत नसे. तिच्या फोनवर तो होता, पण त्याची घंटा तिने केव्हाच बंद केली होती. बँकेच्या जाहिरातींशिवाय त्यात काही येत नसे.

ती खाली खाली सरकवत गेली आणि मग थांबली.

पासवर्ड बदलल्याची सूचना त्या मंगळवारची होती, संध्याकाळची. तिच्या लगेच वर, त्याच संध्याकाळी थोड्या वेळाने आलेला दुसरा मेल होता. पासवर्ड विसरलात का? कुणीतरी तुमच्या खात्यासाठी नवा पासवर्ड मागितला आहे. ही मागणी तुमची असेल तर खालचं बटण दाबा. बटण एक दिवस चालेल. त्याच्यावर बुधवारचा तसाच एक मेल. त्यानंतर काही नाही.

तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. नाना उठून गॅलरीत गेले.

"म्हणजे विचारलं त्याने," आई म्हणाली.

"मशीनला विचारलं, आई. पण हा मेल आपल्याकडेच येणार, हे त्याला माहीत होतं. पत्ता त्यानेच टाकला होता."

"दोनदा विचारलं."

वडिलांनी फोन तिच्या हातातून घेतला. चष्मा लावला आणि तेच दोन मेल पुन्हा वाचले. मग त्यांनी बुधवारच्या मेलमधलं निळं बटण दाबलं. मुदत संपल्याचं वाक्य आलं. त्यांनी ते पुन्हा दाबलं.

"बाबा, त्याने आता काही होत नाही."

"दिसतंय मला," ते म्हणाले आणि आणखी एकदा दाबलं.

जुना पासवर्ड खात्याने घेतला नाही. आधी वापरलेला पुन्हा चालणार नाही, असं उत्तर आलं. मुलीने मदत क्रमांक लावला, तिथेही तेच. आता नवा शोधायचा होता, आणि तो असा हवा होता की बोका कुठे तरी टीव्हीसमोर बसून स्वतःच्या डोक्याने टाकून बघेल. त्यावर तिघांचं एकमत होईना. मुलीचं म्हणणं होतं की जुन्याच नंबरापुढे एक आकडा लावावा, सगळे तेच करतात. वडिलांनी एक नाव सुचवलं. बोका नवा नवा कामाला लागला तेव्हा ते त्याला गिऱ्हाइकांसमोर 'छोटे मिस्त्री' म्हणायचे. ते सांगून झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, नको, हे तो टाकणार नाही.

"गल्लीतल्या घरचा फोन नंबर," आई म्हणाली.

"कुठला?"

"तो लहान होता तेव्हाचा. बाजारात नेताना रोज म्हणून घ्यायची मी त्याच्याकडून. हरवलास तर कुणालाही हा सांग. पाढ्यासारखा पाठ होता त्याला."

मुलीने हरकत घेतली. नुसते आकडे आहेत, कुणालाही सापडतील, हल्ली लोक असली खाती फोडायलाच बसलेले असतात. नाना गॅलरीतून म्हणाले, "फोडू दे की. आत काय सोनं आहे?" पासवर्ड तोच टाकला गेला. वडिलांनी मेल स्वतःच्या फोनवर घेतला आणि घंटा चालू करून मागितली. सामन्यांची आणि मालिकांची सेवा त्याच दिवशी बंद करण्यात आली. ती आपण कुणी बघतच नाही, असं आई म्हणाली, आणि तो मुद्दा कुणी खोडला नाही.

बारा दिवस काही घडलं नाही. तेराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, वडील एका इमारतीच्या तळमजल्यावर दाराचा पट्टा घट्ट करत होते तेव्हा घंटा वाजली. नव्या उपकरणावरून तुमच्या खात्यात प्रवेश झाला आहे. हे तुम्हीच असाल तर काही करू नका. वडिलांनी पाना खाली ठेवला आणि काही केलं नाही. मग त्यांनी घरी फोन लावला.

मुलगी सुट्टी टाकून आली. यादीत एक नवीन नोंद होती. ह्या वेळी टीव्ही नव्हता, फोन होता. शहराचं नाव आधीचं नव्हतं. तिने त्याचा अर्थ लावायचं टाळलं. बोक्याची चौकट उघडून पाहिली, रेघ आठव्या भागात होती तिथेच. बाकीच्या दोन चौकटींतही काही हललं नव्हतं.

"चोर असेल," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं. नुसते आकडे. पासवर्ड बदलायला हवा, बाबा, लगेच. तुमच्या बँकेचं कार्ड आहे त्यात."

"चोर असता तर काहीतरी बघितलं असतं त्याने," आई म्हणाली.

"बोका असता तर त्यानेही बघितलं असतं!"

दोघींनी वडिलांकडे पाहिलं.

"कुणी हात लावायचा नाही," वडील म्हणाले.

ही गोष्ट शुक्रवारची. पासवर्ड बदललेला नाही. शनिवारी, रविवारी आणि सोमवारी मुलीने ती यादी उघडून पाहिली. तो फोन अजून यादीत आहे. त्याच्यासमोर शेवटचा वापर कधी झाला ते लिहिलेलं असतं आणि तिथला दिवस रोज बदलतो. आज, मंगळवारी दुपारी, तिथे आजचा दिवस आहे. कुणीतरी रोज ते खातं उघडतं आणि काहीही न लावता बंद करतं.